रोलशास्त्री

मद्रासला बदली होऊन टी. नगरात बिऱ्हाड केलेल्या मराठी मंडळींत 1990च्या दशकात एक रोलशास्त्री काका हटकून असायचे. काकू नल्लीत कांजीवरम निवडायला बसल्या की काका पाँडी बझारात फिल्मचा रोल निवडायला जात. काकू आधी मोकळ्या होत.

दुकानदार दोन डब्या पुढे सरकवी. काकांचं प्रवचन सुरू. पिवळ्या कोडॅकमध्ये माणसं खुलतात, हिरव्या फुजीत झाडं. कोनिका स्वस्त, म्हणजे पाहुण्यांच्या फोटोंना ठीक. पूर्व जर्मनीच्या ओर्वोबद्दल तर ते दिवंगत मामांबद्दल बोलावं तसं बोलत. सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स इथल्याच उटीला 'इंदू' काढते, याचा कोण अभिमान! मात्र खुद्द उटीच्या सहलीला रोल न्यायचा तो कोडॅकचाच.

मरीनावर 100 आसा, देवळात 400 आणि रोजच्याला 200. का? तर 200 मध्ये एकही फोटो झकास येत नाही, पण सगळे येतात.

उकाड्याने फिल्म बिघडते म्हणून रोलचा मुक्काम फ्रिजमध्ये, इडलीच्या पिठाशेजारी. कॅमेऱ्यात भरलेला रोल मात्र पाडव्यापासून दिवाळीपर्यंत कपाटात उकडत पडे, कारण 36 फोटो संपल्याशिवाय तो धुवायला टाकणं म्हणजे उधळेपणा. वर 37 वा निघतोय का, हे बघायचंच. निघे, आणि त्यात काकू अर्ध्याच येत.

फोटो हाती आले की सगळे तांबूस. प्रिंट काढणारा पोरगा मशिनवर रंग जसा लावील तसा कागदावर उतरतो, डबी पिवळी होती की हिरवी याला तिथे फारसं कोणी विचारत नाही. काकांना हे पक्कं ठाऊक होतं. तरी ठपका कंपनीवर, आणि पुढच्या खेपेला दुसरी डबी.

जानेवारी 2012 मध्ये कोडॅकने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा आपण पहिल्यापासून फुजीवाले, असं काकांनी नातेवाइकांना फोन करकरून कळवलं. कपाटातल्या पिवळ्या डबीत तेव्हा काकूंच्या टाचण्या होत्या.

पनगल पार्कात असे काका अजूनही भेटतील. खुशाल बोला, कांजीवरमचा भावसुद्धा विचारा. फक्त 'रोजच्याला कुठला रोल बरा?' हे विचारू नका. उत्तर 'तसं बघायला गेलं तर' इथून सुरू होतं, आणि मांबळमहून तुमची शेवटची लोकल निघून जाते.