भाईंदरच्या बायका भांडेनात!

ऐकलंत का? कुणाला सांगू नका, पण भाईंदर पश्चिमेला अलीकडे भलताच प्रकार सुरू झालाय. सकाळच्या गर्दीत, लेडीज डब्यात, चारचौघींच्या देखत एक बाई दुसरीला म्हणते, "तुमचं म्हणणं पटतंय हो मला, पण माझं मत जरा वेगळं आहे." आणि पुढे काही होतच नाही! आवाज चढत नाही, कुणाचं माहेर निघत नाही, "एवढं आहे तर फर्स्ट क्लासनं जा ना" हे तर कानावरही पडत नाही.

ज्यांनी आमचा डबा पाहिलेला नाही त्यांना यातलं गांभीर्य कळायचं नाही. पश्चिम रेल्वेनं ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सोडली, तेव्हापासून, आणि त्याआधी साध्या गाडीच्या बायकांच्या डब्यातही, भांडण हा प्रवासाचाच भाग. तिघींच्या बाकावरची चौथी सीट ही सीट आहे की मेहेरबानी, याचा निकाल अजून लागलेला नाही. विरारवाल्या भाईंदरवाल्यांना दारात उभं करून घेत नाहीत, भाईंदरवाल्या बोरिवलीवालीला आत सरकू देत नाहीत. अशा या रणभूमीवर गेली काही वर्षं कोरियन मालिकांवरून चर्चा झडतात आणि त्या चर्चेत, सांगायला जीभ रेटत नाही, सभ्यता असते.

नमुना सांगते. विषय 'स्टार्ट-अप', २०२० ची मालिका. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एका एकट्या पडलेल्या नातीला आजी पत्रमित्र मिळवून देते. पत्रं लिहितो हान जी-प्योंग नावाचा अनाथ मुलगा, पण खाली सही करतो वर्तमानपत्रात वाचलेल्या भलत्याच मुलाच्या नावानं, नाम दो-सान. वर्षं जातात, मुलगी मोठी होते आणि त्या नावाच्या मुलाला शोधायला निघते. आता सांगा, ती कुणाची? लिहिणाऱ्याची की नावाच्या मालकाची? या प्रश्नावर जगभर मैत्र्या तुटल्या. आमच्या डब्यात बँकेतली ताई जी-प्योंगच्या बाजूची, आणि तिच्यासमोर दारालगत उभी राहणारी नर्सबाई दो-सानची.

"पत्रं त्यानं लिहिली, रात्र रात्र जागून. तिच्या पडत्या काळात आधार कुणाचा होता?" ताई म्हणाली.

"अगदी खरं. त्याच्याबद्दल मला आदरच आहे," नर्सबाई म्हणाली. "पण ताई, त्यानं ती आजीचे उपकार फेडायला लिहिली. दो-साननं जे केलं ते तिच्यासाठी केलं."

ताईनं मीरारोड ते दहिसर विचार केला. मग म्हणाली, "हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता." बाजूला लसूण सोलत बसलेल्या मावशींचे हात थांबले. या डब्यात हे वाक्य कुणी कधी उच्चारलं असेल असं त्यांना आठवत नव्हतं. मला विचाराल तर मीही जी-प्योंगवाली, आणि नर्सबाईचा मुद्दा मला अजून पटलेला नाही. पण हे तोंडावर बोलायची सोय राहिली आहे का? बोलले तर मीच उद्धट ठरायची.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. यांच्या पोटात गोष्ट राहते! ज्या बायकांनी सी विंगमधल्या मुलीचं जमलेलं तिच्या आईच्याही आधी स्टेशन रोडला पोचवलं, त्याच बायका शेवटच्या, सोळाव्या भागात काय होतं ते मरेपर्यंत सांगत नाहीत. एखादी नुसती म्हणाली, "मी अजून बाराव्यावर आहे गं," की सगळ्या एकदम गप्प. एक खिडकीबाहेर बघते, एक विषय बदलून भाजीचा भाव काढते. परवा एका कॉलेजच्या मुलीच्या तोंडून "शेवटी तो..." एवढंच निसटलं, तर तिला कुणी रागावलंही नाही. नुसत्या सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या. कांदिवलीपर्यंत पोर मान खाली घालून उभी होती.

हे खूळ आलं कुठून? लॉकडाऊननं आणलं, हे तर उघडच आहे. नेटफ्लिक्सनंच सांगितलं होतं की २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये भारतात कोरियन मालिका बघणं ३७० टक्क्यांहून अधिक वाढलं. त्या वाढीत आमच्या साठ फूट रोडचा वाटा किती, हे त्यांनी सांगितलं नाही, पण आम्हाला अंदाज आहे. सुरुवात बहुतेकींची 'क्रॅश लँडिंग ऑन यू'नं झाली: दक्षिण कोरियातल्या श्रीमंत घरची मुलगी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि उत्तर कोरियात, एका लष्करी कॅप्टनच्या अंगावर येऊन पडते. मालिकेतले दोघं, ह्युन बिन आणि सोन ये-जिन, ३१ मार्च २०२२ ला खरोखर बोहल्यावर चढले, तेव्हा आमच्याकडे पेढे निघाले होते. कुणी विचारलं, कुणाचं लग्न? उत्तर मिळालं, "घरचंच समजा."

तशा आपण उशिराच्याच गाडीतल्या. २००६ साली दूरदर्शननं दोन कोरियन मालिका हिंदीत दाखवल्या होत्या, त्यातली एक राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून वैद्यकीपर्यंत पोचलेल्या बाईची. पण तेव्हा बघितलं कुणी? आणि पार्लरमधली मणिपूरची मुलगी तर आम्हाला हसते. २००० साली तिच्याकडे एका बंडखोर संघटनेनं हिंदी सिनेमांवर बंदी घातली, केबलवाल्यांनी कोरियन चॅनेल लावलं आणि तिची आई तेव्हापासून बघतेय. हल्ली पार्लरात तिचा शब्द अखेरचा. पूर्वी तिच्या चेहऱ्यावरून नको ते बोलणाऱ्या एका बाई आता भुवया कोरून घेताना तिला नम्रपणे विचारतात, "पुढची कुठली बघू गं?" आणि "सगळे सारखेच दिसतात" असं कुणी म्हणालंच तर या बाईच पहिल्या खवळतात. म्हणजे, सभ्यपणे खवळतात.

बरं, हे फक्त मराठी बायकांपुरतं असतं तरी एक वेळ समजलं असतं. ज्या मीरा-भाईंदरात २०२५ च्या ८ जुलैला मराठीसाठी निघालेला मोर्चा राज्यभर गाजला, त्याच गावात गुजराती बेन, मारवाडी भाभी, उत्तनची कोळीण आणि गिरगावची चाळ सोडून आलेल्या काकू एका बाकावर बसून चौथ्याच भाषेतल्या माणसांसाठी डोळे पुसतात. बोलणं आमचं मराठी, मध्येच हिंदी, हेल गुजराती. कोण कुठल्या भाषेत रडलं, हे कुणी विचारत नाही.

गिरगावच्या काकूंचं तर विचारूच नका. त्यांनी 'रिप्लाय १९८८' पाहिली आणि दोन दिवस स्वयंपाकात लक्ष नव्हतं. सोलची एक गल्ली, पाच घरं. संध्याकाळी एका घरातून ताट निघतं, शेजारच्या घरातून त्याच्या बदल्यात दुसरं येतं, आणि पोरं नुसती इकडून तिकडे ताटं पोचवत धावतात. काकू म्हणाल्या, "आमच्या मजल्यावर हेच होतं. रिकामी वाटी परत पाठवायची नाही म्हणून आई वाटीत साखर घालायची." भाईंदरात त्यांना तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि गॅलरी मिळाली, पण समोरचं दार सदा बंद. मालिका संपल्यावर त्यांनी समोरच्या भाभींकडे अळूवडी पाठवली. भाभी जैन. त्यांनी आधी विचारलं, "लसूण?" काकू म्हणाल्या, "नाही घातला." दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, आत खांडवी. मालिकेतल्या त्या गल्लीचं पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. नियम म्हणजे नियम.

भाभींची स्वतःची अडचण वेगळीच होती. किमचीत लसूण, आणि बहुधा मासळीचा खारही. बावन जिनालयाच्या सावलीत राहून हे जमायचं कसं? मग त्यांच्या सुनेनं शोध लावला की कोरियातल्या बौद्ध मठांत कांदा-लसूण चालतच नाही आणि तिथली किमचीही त्याशिवायच होते. झालं! आता भाभींची किमची इमारतीत प्रसिद्ध आहे. चव... असो. आदर आहे. त्यात त्यांच्या घरचा धंदा स्टीलच्या भांड्यांचा. पडद्यावर झाकणाची स्टीलची वाटी दिसली की त्या मालिका थांबवून जाडी बघतात. सत्तरच्या दशकात तिथल्या सरकारनं भात वाया जाऊ नये म्हणून खाणावळीतल्या या वाटीचं मापच ठरवून दिलं होतं, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. "साडेदहा सेंटीमीटर," असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो ह्युन बिनच्याही वाट्याला आलेला नाही.

उत्तनच्या कोळीण मावशी कमी बोलतात. 'व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरिन्स' २०२५ च्या मार्चमध्ये आली. जेजू बेटावरची नायिका, आई समुद्रात बुडी मारून शिंपले काढणारी. चौघी नवऱ्याच्या भूमिकेतल्या पार्क बो-गमवर बोलत होत्या, असा नवरा असतो का, असल्यास कुठे मिळतो वगैरे. मावशी म्हणाल्या, "त्या बायला दम लागतो ना वर आल्यावर, तो आवाज खरा हाय." बाकीच्या गप्प झाल्या. मग नर्सबाई हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही बोलत जा ना जरा."

एकदाच, हो, एकदाच प्रकरण हातघाईवर यायची वेळ आली होती. कुणीतरी मोबाइलवर २०१४ च्या 'एव्हरीबडी से किमची'मधला तो प्रसंग दाखवला. सासू भांड्यातली लालभडक किमची उचलते आणि जावयाच्या थोबाडात हाणते. जावयाच्या! आपल्याकडे अधिक महिन्यात तेहतीस अनारसे मोजून ज्याच्या ताटात घालायचे, त्या जावयाच्या! डबा दुभंगला. तीन जावई असलेल्या एका बाई म्हणाल्या, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. लगेच मागून एकजण म्हणाली, "बसवता येईल की." हशा पिकला, वाद संपला. खरं तर ती रोजची सकाळची मालिका होती, कोरियातही रतीब असतोच. पण इथे कुणी ते मानायला तयार नाही. बायकांना भुरळ पडली ती सोळा भागांत संपणाऱ्या गोष्टीची. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग, आणि ती मन लावून पाहिलेल्या याच बायका आता म्हणतात, "संपतं गं ते! खरंच संपतं!" मराठी मालिकांना मात्र नावं ठेवायची नाहीत, हाही नियम. संध्याकाळी सासूबाई बघत असतात.

नटांच्या खासगी आयुष्यावर बोलायचं नाही, हा नियम मात्र गंमतीतून आलेला नाही. 'माय मिस्टर'मधला ली सन-क्युन २०२३ च्या डिसेंबरात गेला. पोलिसांची चौकशी सुरू असताना त्याच्या आयुष्याच्या चिंध्या रोज वेशीवर टांगल्या जात होत्या. त्याआधी सुल्ली ही तरुण गायिका-अभिनेत्री गेली, तेव्हा दाउम आणि नेव्हर या तिथल्या दोन मोठ्या संकेतस्थळांनी मनोरंजनाच्या बातम्यांखाली लोकांना लिहू देणंच बंद केलं, एकानं २०१९ मध्ये, दुसऱ्यानं २०२० मध्ये. आमची बँकेतली ताई हे सगळं वाचून आली होती. तेव्हापासून कुणी "ऐकलंत का, तो म्हणे..." असं सुरू केलं की ताई पर्समधून चिक्की काढून तिच्या हातावर ठेवते.

आता तुम्ही म्हणाल, चाहत्यांनी असं सोज्वळ राहणं मराठी रक्तातच नाही. तळमजल्यावरचे आजोबा या बाबतीत ठाम आहेत. त्यांच्या वडिलांच्या काळात गंधर्ववाले आणि केशवराव भोसल्यांचे ललितकलादर्शवाले एकमेकांचा नाटकी उद्धार करत, बायका बालगंधर्वांसारखी साडी नेसत, आणि घरातली वडील मंडळी कपाळाला हात लावत. "तेव्हाचा नाद हा असा होता," आजोबा म्हणाले. पण मग त्यांनीच सांगितलं की टिळक स्वराज्य फंडासाठी १९२१ मध्ये दोन्ही नाटक कंपन्या एकत्र येऊन मुंबईत संयुक्त 'मानापमान' झालं, केशवराव धैर्यधर आणि गंधर्व भामिनी. तारीख? ८ जुलै. ते ऐकून आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आजोबांना काही कळलं नाही, त्यांनी नाट्यपद सुरू केलं.

पुरुषवर्गाची अवस्था काय सांगावी? सुरुवातीला त्यांनी टर उडवली. मग रात्री दहानंतर रिमोट मिळेना, तेव्हा नाइलाजानं शेजारी बसू लागले. बसता बसता आमच्या वरच्या मजल्यावरचा एक नवरा 'स्टार्ट-अप'मध्ये पार गुंतला. तो दो-सानचा, बायको जी-प्योंगची. आता रोज जेवताना गॅलरीतून ऐकू येतं, "तुमचा मुद्दा समजला मला," आणि उत्तर येतं, "तू म्हणतेस त्यातही तथ्य आहे." लग्नानंतर त्या घरातून असे शब्द पहिल्यांदाच बाहेर पडतायत. शेजारच्या काकू काळजीत आहेत. काल हळूच मला विचारत होत्या, "दोघांत काही बिनसलंय का गं?"