यमाचा रेडा कुठाय?

(रंगमंचावर एक खुर्ची. तिच्यावर सुताची गुंडी. तो येतो, गुंडी उचलून प्रेक्षकांना दाखवतो.)

ही गुंडी आईने डोंबिवलीहून इंग्लंडला कुरियर केली. सूत दहा रुपयांचं, कुरियर अडीच हजारांचं. वर चिठ्ठी : 'जपून वापर.'

मी तिकडे एमएस्सी करत होतो. विषय काँक्रीट. युनिव्हर्सिटीच्या ऑपेरा मंडळीत मला घेतलं ते खिळे ठोकायला. पहिल्याच मीटिंगला दिग्दर्शिका म्हणाली, यंदा सहसा कुणी करत नाही असा ऑपेरा करू. गुस्ताव होल्स्टचा 'सॅव्हिट्री'.

मी मागून म्हटलं, ''सावित्री.''

(पंचवीस माना एकदम वळल्याचा अभिनय.)

संपलं! त्या क्षणी मी सांस्कृतिक सल्लागार झालो. हातात हातोडा तसाच.

हा होल्स्ट म्हणजे 'प्लॅनेट्स'वाला. मुलींच्या शाळेत संगीत शिकवायचा आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जाऊन संस्कृत शिकला. संस्कृत मीही घेतलं होतं, दहावीला, शंभर मार्कांचं. फरक एवढाच की तो शिकला आणि मला मार्क पडले. त्याने महाभारतातली गोष्ट घेऊन 1908 साली स्वतःच शब्द लिहिले, चाली लावल्या. पात्रं तीन, वादक बारा आणि लपून शब्दांविना गाणारा बायकांचा कोरस. खेळ अर्ध्या तासाचा. आपल्या संगीत नाटकात तेवढ्या वेळात एका पदाला दोन वन्स मोअर होतात!

आईला फोन लावला. (फोन कानाला.) ''आई, आम्ही सावित्री करतोय.''

''अगो बाई! यम कशावर बसून येतो?''

''चालत.''

''चालत? रेडा कुठाय?''

''बजेट नाही.''

''बरं. सासऱ्याचे डोळे परत मिळतात ना?''

''सासराच नाहीये. सासूपण नाही. होल्स्टने काढून टाकले.''

(मोठा पॉज.) ''सासू-सासरे नसलेली सावित्री?'' मग हळूच, आवाज खाली आणून, ''तिकडे असं चालतं का रे?''

तिथे शंभर पुत्रांचा वरही नाही. यम सावित्रीला म्हणतो, तुझ्यासाठी काय हवं ते माग. ती म्हणते, आयुष्य दे. तो म्हणतो, दिलं. मग ती त्याला समजावते, बाबा रे, बाईचं आयुष्य म्हणजे नुसता श्वास नव्हे, सत्यवान नसेल तर तू दिलंस काय? यम अडकला! आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी आई अगदी असंच बोलते.

होल्स्टच्या मनात हा खेळ उघड्यावरचा, म्हणून आम्ही लॉनवरचा ओक धरला. उघड्यावर म्हटलं की सुरक्षा विभागाचा फॉर्म. तो भरायला मी. धोक्याचं नाव : 'मृत्यू.' कुठून येणार : 'झुडपातून.' शक्यता : 'निश्चित.' उपाययोजना : 'सावित्री.'

फॉर्म परत आला. शेरा एकच, वायर गवतावर टाकू नये.

खरी अडचण पुढेच. ऑपेरा सुरू होतो तो साथीशिवाय. पडदा नाही, वाद्यं नाहीत, लांबून एकटा यम गायला लागतो. आमचा यम फिजिक्सचा विद्यार्थी, सहा फूट चार इंच, आवाज विहिरीतून आल्यासारखा. पण सुरुवातीचा सूर द्यायला कुणीच नाही! तालमीत तो दरवेळी अर्धा स्वर वर लावायचा. सावित्री बिचारी त्याच्यामागे वर. पुढे वाद्यं आली की ती एका गावाला, हे दोघं दुसऱ्या. मी म्हटलं, आमच्याकडे गवयाला असं उघड्यावर सोडत नाहीत, मागे तानपुरा असतो. फोनवर तानपुऱ्याचं ॲप काढलं, त्याला हवा तो स्वर लावला आणि ठरवलं, मी झुडपात बसायचं, सूर ऐकवायचा, बंद करायचा.

प्रयोगाचा दिवस. जून, रात्रीचे नऊ, तरी उजेड. मी झुडपात. ॲप सुरू. यमाने सूर पकडला, अगदी नेमका! त्या आनंदात मी बंद करायचं बटण दाबायला गेलो आणि फोन चिखलात.

(गुडघ्यावर बसून चाचपडतो. तोंडाने हळू तानपुरा : 'टँव... टँव...')

सुरुवातीचा सगळा भाग तानपुरा चालू. संपल्यावर एक वयस्कर प्राध्यापक डोळे पुसत आले. म्हणाले, होल्स्टच्या संगीतातलं हे भारतीय अंग मला आजवर कधी ऐकू आलं नव्हतं.

(थांबतो. उठून खुर्चीवर बसतो.)

त्यांनीच मग सांगितलं, याचा पहिला प्रयोग 5 डिसेंबर 1916चा. लंडन स्कूल ऑफ ऑपेराने केलेला, म्हणजे तोही हौशीच. पहिल्या महायुद्धातली सोमची लढाई थांबून तीन आठवडे झाले नव्हते. मी तोवर यमाच्या उंचीवर विनोद करत होतो. त्या हॉलमध्ये बसलेल्या बायकांना लांबून येणारा तो पहिला आवाज कसा ऐकू आला असेल? तानपुरा नव्हता. मागे काहीच नव्हतं.

(क्षणभर तसाच. मग गुंडीकडे लक्ष जातं.)

हां, सूत! दिग्दर्शिका म्हणाली होती, संहितेत सूत नाही. ते राहिलं खिशातच. रात्री आईला ओकचा फोटो पाठवला. लगेच फोन.

''वा! सूत छान गुंडाळलंयस.''

''आई, ती वायर आहे. लाइटची. इलेक्ट्रिशियनने खोडाला गुंडाळली, गवतावर टाकायची नव्हती म्हणून.''

''असू दे.'' (ती झूम करून मोजतेय : बोट हवेत, ओठ हलतायत.) ''सहाच आहेत.''

''काय?''

''फेरे. सहाच आहेत. आज वटपौर्णिमा आहे, असं अर्धवट सोडू नये.''

रात्री साडेअकरा वाजता मी लॉनवर गेलो. सोबत फक्त यम, तो माझ्याच हॉस्टेलचा. काय चाललंय ते त्याने विचारलं नाही.

(खुर्चीभोवती सुताचा एक फेरा घालू लागतो.)

टॉर्च त्यानेच धरला.

(फेरा पुरा होतो. अंधार.)