पट्टा नको, क्लिप हवी

गाडी घेताना आपण काय काय मागतो! सहा एअरबॅगा हव्यात, सुरक्षेचे पाच तारे हवेत. शोरूममधल्या पोराला 'सेफ्टीचं काय?' म्हणून दरडावायचं. मग नारळ फोडून, पेढे वाटून गाडी दारात आली की पहिली खरेदी कसली? सीटबेल्टची टिंगटिंग बंद करणाऱ्या क्लिपची.

ही क्लिप म्हणजे बेल्टची नुसती जीभ, मागे पट्टाच नाही. खाचेत खट्कन बसवली की गाडी समजते, साहेबांनी बेल्ट लावला. दहा-पंधरा लाखांच्या यंत्राला शे-दोनशे रुपयांत गंडवण्याचा आनंद काही औरच. पुढच्या सीटची टिंगटिंग जुलै 2019 पासून सक्तीची झाली, आणि बाजाराने लगेच उतारा काढला. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांविरुद्ध आदेश काढले. अशा क्लिपांच्या 13,118 जाहिराती उतरवाव्या लागल्या. काही विक्रेते तर ही वस्तू बाटलीचं ओपनर म्हणून विकत होते. ओपनर! चालत्या गाडीत आणखी काय सोय हवी?

ज्यांच्याकडे क्लिप नाही, त्यांचं सिग्नलवर भागतं. वाहतूक पोलिसाचा पांढरा शर्ट दिसला की पट्टा जानव्यासारखा खांद्यावरून ओढून हाताने धरायचा, चौक ओलांडला की सोडून द्यायचा. भीती हजार रुपयांच्या दंडाची. समोरच्या काचेची नाही. मागच्या सीटचे बकल तर सीटकव्हरखाली गाडलेले असतात. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ चारोटीला मागच्या सीटवर बेल्टविना बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हा घरोघरी या बकलांचं उत्खनन झालं. पुढचं कव्हर शिवलं गेलं आणि ते पुन्हा भूमिगत.

काही झालंच तर कंपनी आहेच की, भरपाई द्यायला! पण 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 87वं कलमही आहे. वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तिच्यात फेरफार केला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाचा दावा चालत नाही. धोका उघड किंवा सर्वांना ठाऊक असेल, तर इशारा दिला नाही म्हणून उत्पादकालाही धरता येत नाही. इथे तर इशारा दिला होता; टिंगटिंग करून दिला होता. आपणच त्याच्या तोंडात बोळा कोंबला.

2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अपघातात एअरबॅग न उघडल्याच्या खटल्यात, ग्राहकाच्या बाजूने कौल दिला. ग्राहकाने टकरीचा वेग आणि बल यांची गणितं मांडणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असावं अशी अपेक्षा नाही, असंही सुनावलं. अगदी रास्त. क्लिपवाल्याला भौतिकशास्त्र येत नाहीच. सेन्सरला फसवण्यापुरतं इलेक्ट्रॉनिक्स तेवढं पक्कं येतं.

त्याच्या वकिलाकडे आता एकच मुद्दा उरतो: माणूस आणि पत्र्याचा तुकडा यांतला फरक ज्या गाडीला कळत नाही, ती गाडीच सदोष. हसू नका. त्यात थोडं तथ्य आहे.