'डेटा आणते', म्हणजे नेमकं काय करते?

डेटाबेसमधून काही काढून देणारं साधन एआय एजंटच्या हाती सोपवताना त्यासोबत त्याचं वर्णन लिहावं लागतं. चोवीस तास खपून साधन बनवणारा प्रोग्रॅमर या वर्णनासाठी अर्धं मिनिट देतो आणि लिहितो, 'डेटा आणते.' शेजारच्या साधनासमोर लिहितो, 'ग्राहकांचा डेटा आणते.' तिसऱ्यासमोर, 'ग्राहकांच्या डेटासाठी उपयुक्त, वेगवान व शक्तिशाली साधन.' वधूवर सूचक मंडळाच्या वहीत जशी एकूण एक स्थळं सुस्वरूप, सुशिक्षित आणि मनमिळाऊ असतात, तशीच ही साधनं. निवड करणाऱ्याने मग करावं काय? एजंट बिचारा पहिलं बरं दिसेल ते पसंत करतो. आणि त्याच्यापाशी पसंतीला दुसरा आधारही नसतो. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'मध्ये, म्हणजे एमसीपीमध्ये, साधनाची ओळख मॉडेलला होते ती नाव, वर्णन आणि कुठली माहिती कशा स्वरूपात द्यायची याचा आराखडा एवढ्यावरून. आतला कोड कितीही देखणा असो, त्याचं दर्शन त्याला घडत नाही.

आजवर हे खपलं, कारण आपल्याकडे डेटाबेसचं ज्ञान मौखिक परंपरेने चालत आलंय. ऑर्डरच्या टेबलात स्टेटस ४ म्हणजे 'रद्द', पण जुन्या सिस्टिममधून आलेल्या ऑर्डरींत ७ म्हणजेही 'रद्द'च, हे कुठेही लिहिलेलं नसतं. ते एका ज्येष्ठ सहकाऱ्याला ठाऊक असतं आणि बाकीच्यांना चहाच्या वेळी कळतं. नवा माणूस बिचकतो, विचारतो. एजंट चहा पीत नाही. त्याला विचारायची सोय असली, तरी विचारण्यासारखं काही आहे असा संशय तर यायला हवा! तो क्वेरी चालवतो, आकडा येतो, आणि तो आकडा तो सुबक वाक्यात गुंफून साहेबांपुढे ठेवतो. क्वेरी कुठेही अडखळलेली नसते, हीच यातली मेख आहे. 'कालची विक्री किती?' हा प्रश्न घ्या. वेळ यूटीसीमध्ये साठवलेली असेल आणि वर्णनात तसं म्हटलेलं नसेल, तर भारतात रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात आलेल्या ऑर्डरी गुपचूप आदल्या दिवसाच्या खात्यात जातात. 'पुण्याबाहेरचे ग्राहक' मागितले, तर ज्यांच्या शहराचा रकाना नल आहे ते साध्या 'पुणे नाही' या अटीत बसतच नाहीत. ते ना पुण्यात, ना पुण्याबाहेर.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मॉडेल हुशार आहे, समजून घेईल. पण रकान्यात १२९९०० लिहिलंय ते पैसे की रुपये, हे कुठल्या हुशारीने कळणार? हुशार वाचक अशा जागी थांबत नाही, पटण्याजोगा अंदाज बांधून पुढे जातो. मठ्ठ असता तर परवडला असता, निदान अडला असता. दुसरे म्हणतात, टेबलांची रचना समोर आहे, आणखी काय हवं? रचना सांगते की 'फ्लॅग२' हा पूर्णांक आहे. धन्यवाद. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक टेबलाला, प्रत्येक रकान्याला टिपण जोडायची सोय आहे. ती किती जणांनी वापरली, हे कुठल्याही जुन्या डेटाबेसात डोकावून पाहावं, मन घट्ट करून.

तिसरा आक्षेप मात्र मला अर्धा मान्य आहे: वर्णन मॉडेलला पुन्हा पुन्हा वाचावं लागतं, लांबलं की टोकन खातं. मग 'शक्तिशाली' आधी काढा. त्याच्या जागी लिहा: 'एका ग्राहकाच्या ऑर्डरी देते. ग्राहक क्रमांक लागतो; फक्त नाव असेल तर आधी ग्राहक-शोध वापरा. रक्कम पैशांत, वेळ यूटीसीत. रद्द ऑर्डरी येत नाहीत. एका वेळी कमाल ५० ओळी. आणखी असल्यास उत्तरात तसं कळवते.' एवढं लिहायला लेखक व्हावं लागत नाही. फक्त साधन काय करत नाही, हे कबूल करायची तयारी लागते, आणि आपल्या अपत्याबद्दल असं बोलणं जिवावर येतं, हे समजण्यासारखं आहे.

मात्र वर्णनाची महती पटली की काही जण दुसऱ्या टोकाला जातात. ओळी पुसणाऱ्या साधनासमोर 'कृपया अत्यंत काळजीपूर्वक वापरावे' असं लिहून निर्धास्त झोपतात. एमसीपीमध्ये 'हे साधन फक्त वाचतं' अशी खूण जोडता येते, पण ती निव्वळ सूचना आहे, अनोळखी सर्व्हरकडून आली तर तिच्यावर विसंबू नका, असं खुद्द त्याच्या नियमावलीतच म्हटलंय. अडवायचं असेल तर एजंटच्या खात्याला डेटाबेसमध्येच फक्त वाचायची परवानगी द्यावी. मग त्याने काहीही पुसायला घेतलं, की 'ऑर्डर्स या टेबलासाठी परवानगी नाही' अशा अर्थाचा एका ओळीचा निरोप पोस्टग्रेस देतं. काय नाही आणि कशासाठी नाही, दोन्ही त्यात आलं, एकही विशेषण न वापरता.