कुठल्या उजेडात?

पोवळेला तुम्ही ओळखता. तुमच्याकडे त्याचं नाव वेगळं असेल, त्याला प्रवाळाऐवजी कॅमेऱ्यांचा, बोन्सायचा नाहीतर फाउंटन पेनांचा नाद असेल; पण "पाच मिनिटं ये, गंमत दाखवतो" म्हणून दीड तास उभं करणारा माणूस तोच. आमचा नमुना मूळचा दादरचा, हल्ली मुक्काम न्यू जर्सीत एडिसनला. पोवळे हे नाव आमच्या टोळक्याने ठेवलेलं, कारण त्याच्या दिवाणखान्यात शंभर गॅलन खारं पाणी आहे आणि त्यात जिवंत प्रवाळ.

"मंगळासाठी बोटात घालतात तेच का रे?" असं माझ्या आईने त्याला फोनवर विचारलं होतं. आतून वहिनींनीच उत्तर दिलं, "नाही काकू, ह्यात घालावं लागतं. पगार."

त्याचा खरा जीव झोअँथिडमध्ये. शर्टाच्या बटणाएवढी फुलं. मधला डोळा एका रंगाचा, भोवतीची झालर दुसऱ्या. विकतात डोकी मोजून, आणि नावाजलेल्या जातीच्या एका डोक्याला तीस-चाळीस डॉलर सहज पडतात. नावं तर अशी की मुलाची ठेवली तर शाळा प्रवेश देणार नाही: 'रास्ता', 'आर्मर ऑफ गॉड', 'पर्पल पीपल ईटर'. शेवटच्याला वहिनी म्हणाल्या, "हा तर चक्क कोनफळी." तेव्हापासून तो त्यांना टाकीपाशी फिरकू देत नाही.

पण त्याच्यासमोर रंगाचं नाव काढायचं नाही. काढलंत की मान तिरकी करून विचारणार, "कुठल्या उजेडात?"

यात तथ्य आहे, हीच खरी पंचाईत. प्रवाळाच्या अंगात चमकणारी प्रथिनं असतात, निळ्या दिव्याखाली ती पेटून उठतात. म्हणून दुकानदार टाकीवर निळे दिवे लावतो, फोटोही त्यातच काढतो आणि वर संगणकावर आणखी चढवतो. घरी आणून साध्या दिव्यात पाहावं तर चहाचा चोथा. त्यातून प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शेवाळ उजेड कमी नि खत जास्त मिळालं की माजतं आणि आहे तो रंगही तपकिरी करून टाकतं. पोवळे हे शास्त्र शिकला दादरला, आईचा हात धरून. ट्यूबलाइटखाली डाळिंबी दिसणारी साडी दुकानाच्या पायरीवर नेली की विटकरी निघते, हे त्या माउलीने त्याला सातव्या वर्षी दाखवलं होतं.

त्याच्याबरोबर एकदा प्रवाळाच्या दुकानात गेलो. मालकाने त्याला पाहून नुसता सुस्कारा सोडला. पोवळेने खिशातून पांढऱ्या उजेडाची छोटी बॅटरी काढली, काचेला टेकवली आणि नाक काचेवर चपटं करून पाच डोक्यांच्या एका तुकड्याकडे चांगली दहा मिनिटं पाहिलं. निळ्यात जे नारिंगी निखाऱ्यासारखं दिसत होतं ते पांढऱ्यात भिजवलेल्या मनुकेसारखं निघालं. "बघ!" तो विजयाने म्हणाला. मग पैसे मोजून तोच तुकडा घेतला.

हे दुकानापुरतं राहिलं असतं तर सोसलं असतं. मंडळाच्या गणपतीत कुणा बाईने कौतुकाने विचारलं, "पैठणीचा रंग कसा वाटतो?" "कुठल्या उजेडात?" माझ्या हिने विचारलं, "भावोजी, कांदा लाल झाला का हो?" "कुठल्या उजेडात?" दाताच्या टोपीची छटा ठरवताना हा खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, छटा दिवसाच्या उजेडातच बघतात. झालं! महिनाभर आम्हाला ते ऐकावं लागलं. तांबडा सिग्नल तोडला म्हणून पोलिसाने अडवलं तेव्हा मात्र तो गप्प बसला. वहिनींनी मांडीला चिमटा काढला होता.

त्याने मलाही एक लहान टाकी लावून दिली. तीन डोकी चिकटवलेला दगड दिला आणि बजावलं, हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नकोस, यातल्या काहींत जहाल विष असतं. मी कसला हात लावतोय! सहा महिन्यांत माझी तिन्ही डोकी तपकिरी झाली.

मग २०१२ सालच्या २९ ऑक्टोबरच्या रात्री सँडी वादळ आलं आणि वीज गेली. आमच्या गल्लीतली दुसऱ्या दिवशी परत आली, त्याच्याकडची सहा दिवस नाही. पंप बंद, म्हणजे पाण्यात हवा नाही. पोवळे तांब्याने पाणी उंचावरून ओतत राहिला, उडप्याकडे कॉफी वरखाली करतात तसं. रात्रीच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्या. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि सुक्या बोंबलाला लाजवील असा वास सुटला. दिवे आले तेव्हा झोअँथिड विरघळून गेले होते आणि दगडी प्रवाळांचे सांगाडे उभे होते.

"सगळं पांढरं झालं रे," मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला.

चार दिवसांनी वहिनी विरजण मागायला आल्या. त्यांचं फ्रिजमधलं नासलं होतं, आणि आमच्याकडचं मुळात त्यांनीच दिलेलं. हिने वाटी भरली. मला काय सुचलं कोण जाणे, लोणच्याची रिकामी बरणी विसळून घेतली, टाकीतलं पाणी भरलं आणि दगडासकट माझी तीन डोकी त्यात सोडली. हातमोजे घालून.

दीड वर्षाने प्रवाळवाल्यांच्या अदलाबदलीच्या मेळाव्यात मला पोवळेने ओढत नेलं. टेबलावर एक बशी होती, तीत दहा-बारा तुकडे आणि पुढे इंग्रजी अक्षरांत पट्टी: विरजण. एक गोरा वाकून वाचू लागला.

"व्हर्जन?" त्याने विचारलं. "कितवं?"

"दुसरं," पोवळे म्हणाला, आणि खिशातली बॅटरी काढून त्याच्या हातात दिली.