मोटारीला कळतं, फोनला का नाही?

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीच्या आसपासच्या वावरांत फिरा. एखाद्या विहिरीवर स्टार्टरला जोडलेली सिमकार्डाची डबी दिसेल. घरून फोन लावायचा, मोटार सुरू. अशा बऱ्याच डब्यांत मालकाचे नंबर आधीच भरून ठेवतात. परक्याचा फोन आला, तर ती ढिम्म हलत नाही.

मालकाच्या खिशातला फोन मात्र कुणाच्याही हाकेला ओ देतो.

पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे या यंत्रांतलं जुनं नाव. २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. बटणांच्या फोनच्या काळात जे जमलं, ते आजच्या स्मार्टफोनला का जमू नये?

सोय आहे म्हणतात. आहे, पण सेटिंगमध्ये चार पडदे आत. अँड्रॉइड फोनवर तिथे ‘रिपीट कॉलर्स’ नावाचा एक नियम सापडतो. फोन गप्प ठेवलेला असला तरी पंधरा मिनिटांत तोच माणूस दुसऱ्यांदा लावेल, तर वाजू द्यायचा. फार शहाणा नियम! अडीनडीला माणूस लागोपाठ दोनदा फोन लावतोच. मग ‘हा नियम लावू का?’ असं फोनने साध्या मराठीत कधी विचारलं का?

नकोसे फोन टाळायला ‘अनोळखी नंबर बंदच करून टाका,’ हा सल्ला शहरातला.

दिवाळीनंतर कापूस घरात आला की इथे कामाचे कितीतरी फोन अनोळखी नंबरावरूनच येतात. गाडीवाला, व्यापारी, पलीकडच्या गावची मजुरांची टोळी. पुण्यात शिकणारी पोरगी मैत्रिणीच्या फोनवरून बोलते. ते सगळे फोन बंद करून शेती कशी करायची?

१९०९ या नंबरावर कळवलं की जाहिरातींचे फोन थांबवता येतात. बँक-विमा, घरं-प्लॉट, शिक्षण, आरोग्य, हवा तो प्रकार निवडा. ज्यांनी केलं नसेल त्यांनी आजच करावं. पण ठग काय नोंदणी करून फोन करतो?

एक नियम मात्र लावायला फार सोपा होता.

‘कुरिअरवाला बोलतोय, पार्सल अडकलंय, स्टार ४०१ लावून पुढे हा नंबर टाका.’ टाकला, की तुमचे फोन त्याच्याकडे वळले. बँक फोनवरून ओटीपी सांगत असेल, तर तोही. शेवटी अशी कोड लावून होणारी फॉरवर्डिंग १५ एप्रिल २०२४ पासून बंद ठेवा, असं दूरसंचार विभागाला कंपन्यांना सांगावं लागलं.

चोराच्या कामाचा नियम एका ओळीत. मालकाच्या कामाचा चार पडद्यांआड. ही रचना कुणासाठी केली?

मागणी मोठी नाही. फोन ठेवला की मराठीत एकच प्रश्न यावा: हा नंबर पुन्हा आला तर वाजवू? हो, नाही, फक्त दिवसा. बटणांच्या फोनवर हेच आवाजात विचारा, १, २, ३ दाबू द्या. आणि फोन दुसरीकडे वळवण्याआधी मोठ्याने सांगा, ‘तुमचे सगळे फोन आता अमुक नंबरावर जातील. चालेल?’

हे होईल तेव्हा होईल. आज रात्री आईबाबांचा फोन हातात घ्या आणि ##००२# लावा. कुठे वळवलेले फोन असतील, तर ते परत येतील. पैसे गेलेच असतील, तर सकाळची वाट पाहू नका, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा.