पैजपंडिताने आर्थिक अडचणीत कसे यावे

पैजपंडित म्हणजे शर्यतीआधी कोणता घोडा जिंकेल हे सांगणारा आणि शर्यत संपल्यावर तो का जिंकला नाही हेही तितक्याच अधिकाराने सांगणारा टीव्हीवरचा माणूस. ब्रिटनमध्ये १ मे १९६१ पासून पैजेची दुकाने कायद्याने उघडी आहेत, त्यामुळे तिथे हा व्यवसाय चारचौघांत सांगता येतो. या पदावर पोहोचलेल्याला आर्थिक अडचणीत येण्यासाठी फारसे कष्ट पडत नाहीत. तरी जे करायचे ते पद्धतशीर करावे.

पूर्वतयारी म्हणून आधी स्वतः बुकी होऊन बुडून पाहावे. जॉन मॅक्रिरिक (१९४०–२०१९) यांनी हा अभ्यासक्रम प्रामाणिकपणे पुरा केला होता. हॅरोच्या नामांकित शाळेत शिकून ते बुकी झाले, बुडाले, पत्रकारितेत शिरले आणि पुढे कित्येक वर्षे चॅनल फोरवर भाव ओरडून सांगत राहिले. शेरलॉक होम्सछाप टोपी, गालभर कल्ले, बोटांत अंगठ्या आणि हातांनी टिक-टॅकच्या, म्हणजे बुकींनी एकमेकांना भाव कळवायच्या, खुणा, असा त्यांचा थाट होता. या खुणांत नवास चार हा भाव दाखवायला दोन्ही हात डोक्यावर ठेवत. निकालानंतर प्रेक्षकही तेच करत असल्याने ही खूण वेगळी शिकवावी लागत नसे.

यानंतर नियमित पैज लावावी. इथे थोडे गणित आवश्यक आहे. तीन घोड्यांचे भाव एकास एक, दोनास एक आणि चारास एक असतील, तर कोणताही घोडा आला तरी १०० पौंड हाती पडावेत म्हणून अनुक्रमे ५०, ३३.३३ आणि २० पौंड लावावे लागतात. बेरीज १०३.३३. वरचे ३.३३ पौंड बुकीच्या चहापाण्याचे. घोडे वाढले की चहापाणीही बहुधा वाढते. पंडिताला हे गणित पाठ असते, तो ते पडद्यावर फळा लावून समजावतो आणि जाहिरात लागली की फोन करून पैज लावतो.

क्वचित एखादा पंडित सातत्याने जिंकू लागतो. तसे झाल्यास घाबरू नये. बुकी कंपन्या अशा खात्याची मर्यादा इतकी खाली आणतात की त्यावर सँडविचच्या किमतीएवढीही पैज लागत नाही. ज्याचे खाते वर्षानुवर्षे सुरळीत चालू आहे आणि ज्याला कंपनीचा व्यवस्थापक वाढदिवसाला शुभेच्छा पाठवतो, त्याच्या हिशेबाबद्दल वेगळी चौकशी करण्याची गरज नसते. म्हणजे पंडिताची ओढग्रस्ती हा त्याच्या व्यवसायातला अपघात नव्हे, तो अनुभवाचा दाखला आहे.

देणे थकवण्याच्या शास्त्रात मात्र काळानुसार बदल झाला आहे. १८४५ च्या कायद्यामुळे पैजेची उधारी न्यायालयात वसूल करता येत नसे. बुकीला फार तर घोडेवाल्यांच्या बिरादरीत तक्रार करून थकबाकीदाराला मैदानबंदी घडवून आणता येई, आणि ज्याचे पोट मैदानावर अवलंबून त्याला ती तुरुंगाहून जड जाई. सप्टेंबर २००७ पासून नवा कायदा लागू झाला आणि पैजेचे कर्ज वाण्याच्या उधारीइतकेच कायदेशीर ठरले. जुन्या पिढीतील जाणकार याला परंपरेचा ऱ्हास म्हणतात.

पैज लावूनही पैसे शिल्लक राहत असतील तर न्यायालयाचा मार्ग आहे. २०१२ मध्ये चॅनल फोरच्या शर्यतींच्या कार्यक्रमाची निर्मिती नव्या कंपनीकडे जाताना ७२ वर्षांच्या मॅक्रिरिकना वगळण्यात आले. त्यांनी वयावरून भेदभाव झाल्याचा ३० लाख पौंडांचा दावा लावला; त्यातला मोठा हिस्सा वाहिनीला धडा शिकवण्यासाठी होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये लवादाने तो फेटाळला. कारण वयाचे नव्हते, तर त्यांच्या सोंगाचे आणि बायकांविषयीच्या मतांचे होते; ती व्यापक प्रेक्षकवर्गाला रुचणार नाहीत, असे लवादाला वाटले. स्वतःच्या पत्नीला जाहीरपणे एका मठ्ठ पक्ष्याच्या नावाने हाक मारणारा आणि २००५ च्या सेलिब्रिटी बिग ब्रदरमध्ये डाएट कोक मिळाला नाही म्हणून मौन धरणारा माणूस साक्षीला उभा राहिला की विरुद्ध पक्षाच्या वकिलाचे काम हलके होते. आयुष्यभर भाव सांगणाऱ्याने स्वतःच्या खटल्याचा भाव मात्र कोणाला विचारला नसावा.

आता जनतेचे कर्तव्य. पंडित बुडाल्याची बातमी कळताच प्रथम ‘मला ठाऊकच होते’ असे म्हणावे; हे म्हणताना कशावरून ठाऊक होते ते सांगू नये. मग त्याच्या सांगण्यावरून बुडालेले दहा पौंड आठवावेत. ते प्रत्येकाला आठवतात, घोड्याच्या नावासकट. त्याच पंडिताने सांगितलेला घोडा जिंकला होता ती शनिवारची दुपार आठवू नये, कारण त्या दिवशी घोडा आपणच हेरला होता. नीतीचा प्रश्न त्यानंतर काढावा आणि तो हाती पैजेची पावती नसताना काढावा. खरी हळहळ मात्र ज्यांनी जन्मात पैज लावली नाही त्यांच्याकडून अपेक्षावी. पैज लावणाऱ्यांना शेजारी आणखी एक माणूस बसल्याचेच समाधान असते. ते क्रूर वाटते खरे, पण त्यात आपुलकीही आहे. जिंकणाऱ्याचा सल्ला कोणी सहज ऐकत नाही. जो आपल्यासारखाच बुडतो त्याला लोक पहिल्या नावाने हाक मारतात.

पुनर्वसन सोपे आहे. दोन-तीन महिने गप्प राहावे, वर्तमानपत्रात डोळे उघडल्याचे लिहावे आणि चेल्टनहॅमच्या शर्यतींआधी डोळे पुन्हा मिटावेत. एखादी बुकी कंपनी जाहिरातीसाठी बोलावतेच. मानधन कोणत्या खात्यात जमा करायचे हे तिला विचारावे लागत नाही. ते खाते तिच्याकडेच असते.